उस्ता शहाताची घासाघीस

दुम्यातच्या माणसांच्या चिकटपणावर अख्ख्या इजिप्तात विनोद चालतात. दारात पाहुणा आला की आम्ही त्याला म्हणे विचारतो, जेवणार, की पोट हलकं ठेवून निजणार? कैरोवाले हे सांगून पोट धरून हसतात, आणि आम्हीही हसतो, हसायला काही पैसे पडत नाहीत. पण खरं विचाराल तर आम्ही चिकट नाही, आम्ही कारागीर आहोत. लाकूड बाहेरून येतं, सरस महाग, रोगण महाग, आणि व्यापारी तर असा की तयार कपाटाभोवती दहादा फिरून तोंड वाकडं करणार. इथे ज्याला भाव करता येत नाही त्याची चूल पेटत नाही. उस्ता शहाताला तो करता येत होता. आमच्या गल्लीत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, आणि याचा त्याला केवढा अभिमान होता ते सांगायची सोय नाही.

नाव शहाता, म्हणजे भिकाजीच म्हणा. आधीची मुलं हाती लागली नाहीत, म्हणून आईने याला असलं नाव ठेवलं की दृष्ट लावणाऱ्यालाही दया यावी. पण भीक सोडाच, शहाताने उभ्या जन्मात कुणाकडे उसनं मागितलं नाही. लहानपणी बापाशेजारी पटाशी घेऊन बसला तो बसलाच. खुर्चीच्या पाठीवर गुलाब, पलंगाच्या उशाला द्राक्षांचे घोस, आरशाच्या चौकटीवर वेली. त्याने कोरलेल्या गुलाबावरून बोट फिरवलं तर पाकळीच्या आतली पाकळीही हाताला लागायची. असा हात म्हणून लोक त्याला उस्ता म्हणत. त्याचे पलंग कैरोला जात, आखातात जात. स्वतः मात्र साध्या खाटेवर झोपायचा. नक्षीचा पलंग विकता येतो, मग त्यावर झोपून तो जुना कशाला करायचा, असं त्याचं म्हणणं.

पण भावाच्या बाबतीत शहाता एकटा पुरा पडायचा नाही. तिथे त्याची बायको इनशिराह लागायची. दोघांचं ठरलेलं होतं. दुकानात शिरलं की तो बोलणार आणि ती गप्प. तो मालाला नावं ठेवणार, शपथा घेणार, शेवटचं काय ते बोला म्हणणार. आणि गाडी अडली की इनशिराह त्याची बाही ओढणार, ‘चला उस्ता, पुढे बघू.’ की निघाली दोघं. निघायचं ते रमतगमत, पण मागे वळून बघायचं नाही. मागे वळलात तर सौदा दुकानदाराचा, त्याने हाक मारली तर सौदा तुमचा. या हाजी, या, तुमचंच खरं. एकुलत्या एका लेकीच्या, सुहैरच्या लग्नात फ्रिज घेताना ही दोघं चालत चालत पार पुलापर्यंत गेली होती आणि दुकानदार घामाघूम होऊन मागे पळत आला होता. ती गोष्ट इनशिराह प्रत्येक लग्नात सांगायची, आणि सांगताना समोरच्या बाईची बाही ओढून दाखवायची. त्यामुळे ही बाही साऱ्या गावाला ठाऊक होती.

तर एका सकाळी शहाताकडे एक व्यापारी आला आणि पलंग, कपाट, आरसा अशा अख्ख्या संचाचे पैसे रोख देऊन गेला. शहाताने ते अंगातल्या पायघोळ झग्याच्या, गलाबियाच्या आत, बंडीच्या खिशात घातले आणि वर हात दाबून पाहिलं. इनशिराह स्वयंपाकघरात होती. संध्याकाळी सुहैर जेवायला यायची होती, म्हणून ती बदकात कांदा भरत होती. बदक हातातून निसटून खाली पडलं. उचलायला वाकली ती तशीच भिंतीला टेकली. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला, उजवा हात लोंबता. आवाज ऐकून शेजारीण तफीदा धावत आली आणि म्हणाली, वारं लागलं असेल, गरम फडकं बांधा, उतरेल हळूहळू. शहाताचा बाप असाच गेला होता. हे नुसतं वारं नव्हे, हे त्याला पाहताक्षणी कळलं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे लोक म्हणाले की बिचाऱ्याला कळलं नसेल. त्याला सगळं कळलं होतं. त्याने तफीदाला बाजूला सारलं, खुर्च्या पोचवायच्या आपल्या जुन्या गाडीत बायकोला पुढे बसवलं आणि थेट नदीकाठच्या खासगी इस्पितळात नेलं. इथवर कुणी बोट दाखवावं असं त्याने काही केलं नाही.

तिथेही कुणी वेळ लावला नाही. इनशिराहला चाकाच्या खुर्चीत बसवलं, आत नेलं, डोक्याचा फोटो काढला. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. मेंदूत रक्त सांडलेलं नाही, गुठळी अडकली आहे, म्हणाली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, अजून वेळ हातात आहे, पण ते जितक्या लवकर जाईल तितकं बरं. ‘काका, तुम्ही खिडकीवर पैसे भरून या, मी तयारी करते,’ एवढं म्हणून ती आत गेली. इनशिराहला तपासून बाहेर आणलंच होतं, शहाता तिची खुर्ची ढकलत खिडकीशी गेला. तिला एकटं कुठे सोडायचं, म्हणून बरोबर घेऊन गेला.

काचेमागे एक तरुण कारकून होता, केस चापून बसवलेले. त्याने बटणं दाबून आकडा काढला. इंजेक्शन, अतिदक्षतेच्या खाटेची अनामत, तपासण्या, सगळं मिळून ऐंशी हजार पौंड, आधी भरायचे. शहाताच्या बंडीत त्याहून थोडे जास्तच होते. त्याचा हात छातीकडे गेलासुद्धा. आणि मग, काय सांगायचं, आयुष्यभर प्रत्येक आकड्यावर जे तोंडातून निघत आलं होतं तेच निघालं.

‘पन्नास करा.’

कारकुनाला आधी समजलंच नाही. मग तो म्हणाला, दर ठरलेले आहेत. शहाता म्हणाला, खाटेवरच्या रात्री अजून झाल्याच नाहीत, तर त्यांचे पैसे आधी कसले? इंजेक्शन अर्धंच लागलं तर उरलेल्याचं काय करणार? फोटोचे वेगळे का लावले? लाकडाच्या वखारीत असले प्रश्न टाकले असते तर वखारवाल्याने चहा मागवला असता. कारकुनाने फक्त मागच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘हाजी, हे औषध आहे, खुर्ची नाही.’

रांगेतलं कुणीतरी हसलं. शहाताचे कान तापले. त्याच वेळी इनशिराहने डाव्या हाताने त्याच्या गलाबियाचा घोळ धरला. तिची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होता.

‘द्या,’ ती म्हणाली. ‘उस्ता, द्या.’

शहाताने ऐकलं. चांगलं स्वच्छ ऐकलं. आणि त्याने तिच्याकडे डोळे वटारले, दुकानात ती मध्येच बोलली तर वटारायचा तसे. आपल्याच माणसाने ‘द्या’ म्हटलं की भाव बुडाला. त्याने तिची बोटं घोळातून सोडवली आणि तिच्या मांडीवर ठेवली. राहू द्या तुमचं, आम्ही चाललो, असं काचेला सांगितलं आणि खुर्ची दाराकडे वळवली.

तो हळूहळू चालला. पाय पुढे, कान मागे. दरवानाने दार उघडून धरलं, त्याला वाटलं बाई बरी होऊन घरी चालली. बाहेर कडक ऊन होतं. शहाताने थांबून तिच्या डोक्यावरची ओढणी नीट केली, जी आधीच नीट होती. हाक येईना. गाडीपाशी जाऊन त्याने तिला उचलून आत बसवलं, तिचे पाय आत घेतले, दार लावलं, इंजिन सुरू केलं आणि आरशात बघत बसला. मागे वळायचं नव्हतं ना, म्हणून आरशात. तेवढ्यात इस्पितळाचं दार उघडलं आणि आतून एक माणूस हात हलवत पळत आला. शहाताच्या जिवात जीव आला. त्याने काच खाली केली आणि चेहरा कडक केला, लगेच तयार झाल्यासारखं दिसू नये म्हणून. माणूस गाडीजवळ आला, म्हणाला, ‘खुर्ची आमची आहे,’ आणि चाकाची खुर्ची ढकलत परत गेला.

तेव्हाही परत जाता आलं असतं. दार समोरच होतं, पैसे छातीशी होते. पण परत जायचं म्हणजे त्या काचेसमोर मान खाली घालून पुरते ऐंशी मोजायचे, आणि तो हसणारा अजून रांगेत असणारच. माणसाला स्वतःची समजूत घालायला कितीसा वेळ लागतो? शहाता मनाशी म्हणाला, मन्सूराला मोठं सरकारी इस्पितळ आहे, तिथे हेच फुकटात होतं. पुढे बघू. आणि त्याने गाडी मन्सूराच्या रस्त्याला घातली. रस्त्याचं काम चाललं होतं, एकाच बाजूने गाड्या सोडत होते, पुढे गवत लादलेला ट्रॅक्टर, तासाभराची वाट तीन तासांची झाली. शेजारच्या सीटवर इनशिराह आधी काहीतरी पुटपुटत होती. मग तिचं डोकं काचेला टेकलं आणि पुटपुटणं थांबलं.

मन्सूरात पैशाचं कुणी नावही काढलं नाही. केव्हा सुरू झालं ते विचारलं, पुन्हा फोटो काढला, आणि मोठ्या डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं की आता त्या इंजेक्शनाचा उपयोग नाही, झालाच तर अपायच होईल. मेंदूचा तेवढा भाग गेला. लवकर आणायला हवं होतं, असंही म्हणाले, रागाने नाही, सवयीने. शहाताने मान डोलावली. नोटांचं पुडकं छातीला टोचत होतं.

सुहैर शाळेत शिकवते. निरोप मिळाला तशी ती वर्ग सोडून मन्सूराला आली. आईला पाहून बाहेर आली आणि बापाला म्हणाली, बाबा, ते इंजेक्शन तर आपल्याकडे मिळतं, मग इथवर का आणलंत? शहाता बाकावर बसला होता. खोटं बोलायचं असं काही ठरवून बसला नव्हता, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. पण तोंड उघडलं तर तिथे गोष्ट तयारच होती, साऱ्या गावाला पाठ असलेली.

‘तुझी आई,’ तो म्हणाला. ‘मी पैसे काढत होतो गं. तिने बाही ओढली. चला उस्ता, पुढे बघू, म्हणाली.’

सुहैर रडता रडता हसली. ‘आई पण ना,’ म्हणाली. ‘तिथेसुद्धा.’

महिनाभराने इनशिराह घरी आली आणि मग खर्च म्हणजे काय ते कळायला लागलं. सरकारी इस्पितळ फुकट असतं ते त्याच्या फाटकापर्यंत. नाकातल्या नळीतून द्यायचं डब्याचं दूध, पाठ फुटू नये म्हणून हवेची गादी, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, मोठ्या माणसांची लंगोटं, व्यायाम करवून घ्यायला येणारी बाई. नळी निघाली तर छातीत कफ झाला, पुन्हा भरती, पुन्हा औषधं. बंडीतले पैसे केव्हाच संपले. इनशिराहच्या बांगड्या गेल्या. बापाने साठवलेलं जुनं सागवान होतं, ज्याला शहाताने कधी हात लावला नव्हता, तेही व्यापाऱ्याने पडेल भावात नेलं. शहाताने यातल्या कशाचाच भाव केला नाही. औषधवाला आकडा सांगायचा आणि हा मोजायचा. गल्लीत लोक म्हणायला लागले, बघा, बायकोपायी उस्ता किती बदलला. त्याला ते ऐकवत नसे. तो दुकानातून पुडी घेऊन भिंतीच्या कडेकडेने घरी यायचा.

इनशिराहची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळं गेलं आणि एक शब्द राहिला, ‘हो.’ पाणी हवं? हो. झोपतेस? हो. सुहैरला केवढा आनंद झाला होता. पण सकाळ आहे की संध्याकाळ विचारलं तरीही हो, आणि कधीकधी कुणी काही विचारलं नाही तरी भिंतीकडे बघत हो. शहाता दिवसरात्र तिच्याजवळ असायचा. त्या ‘हो’चा काही भरवसा नाही, हे त्याला पहिल्या आठवड्यातच उमगलं होतं.

आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं. लोक साखर घेऊन यायचे, रसाचे डबे, दुम्यातचं मऊ चीज. खाटेभोवती बसायचे आणि चहा आला की कुणीतरी विचारायचंच, की इथे सोय असताना एवढ्या लांब का नेलंत? शहाता ती बाहीची गोष्ट सांगायचा. एकदा सांगून झाल्यावर तो नुसत्या सवयीने बायकोकडे वळला आणि म्हणाला, ‘काय गं सुहैरच्या आई, खरं ना?’

‘हो,’ इनशिराह म्हणाली.

बायकांनी माना डोलावल्या. शहाताला आतून गार वाटलं. सुटलो, असं वाटलं. आपल्याला असं वाटलं याची त्याला तिथेच किळस आली, हेही खरं. पण पुढच्या खेपेला पाहुणे आले तेव्हा त्याने पुन्हा विचारलं. मग तर तो दर वेळी विचारायला लागला.

आणि बोल सगळे तिला लागायला लागले. तफीदा तिचे केस विंचरताना म्हणायची, काय गं बाई, जीव मोठा की पैसा? हो. इनशिराहचा धाकटा भाऊ मुतवल्ली समुद्रावर मासेमारीची बोट चालवतो, सहा फूट उंच, आवाज असा की धक्क्यावरून हाक मारली तर आतल्या बोटीला ऐकू जावी. तो बहिणीच्या पायाशी बसून रडला. ‘ताई, मला फोन करायचास. पैसे काय कबरीत न्यायचे होते तुला?’ हो, ती म्हणाली. शहाता तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. चौकटीवर त्यानेच कोरलेली वेल होती. तो तिच्यावरची धूळ नखाने काढत राहिला.

तिला भरवताना, तिचं तोंड पुसताना तो तिच्या हनुवटीकडे बघायचा. डोळ्यांकडे नाही. ते डोळे त्याच्यावर असायचे, हे त्याला माहीत होतं. त्यांत राग आहे की आणखी काही, हे बघायची त्याची छाती नव्हती.

व्यायामाला येणाऱ्या बाईचं नाव निवीन. हसतमुख, कामाला चोख. एक दिवस सुहैर तिला कौतुकाने सांगत होती की आईला सगळं समजतं, इस्पितळातली हकिगतसुद्धा आठवते, विचारलं तर बरोबर सांगते. निवीनने इनशिराहचा हात चोळता चोळता विचारलं, मावशी, माझं नाव तफीदा ना? हो. आपण आता अस्वानला आहोत ना? हो. तुम्हाला सात मुलगे ना? हो. मग ती सुहैरला समजावत म्हणाली की यांना समजतही असेल, पण तोंडातून एवढंच निघतं, त्या ‘हो’वर काही ठरवू नका. सुहैरने वळून बापाकडे पाहिलं. शहाताने टेबलावरचा औषधाचा डबा उचलला, हलवून पाहिला आणि पुन्हा होता तिथे ठेवला.

त्या दिवसापासून सुहैर यायची, कामं करायची, पण बापाशी बोलताना तिच्या आवाजात काहीतरी कमी असायचं. ती विचारत नव्हती. विचारलं असतं तर बरं झालं असतं, शहाताला वाटायचं. आणि विचारलं तर आपण पुन्हा तेच सांगू, हेही त्याला पक्कं माहीत होतं. अशाने त्याचा हात बिघडला. पटाशी पाकळीत जास्त खोल जायला लागली. खुर्चीची एक अख्खी पाठ वाया गेली तेव्हा तो कारखान्याचं दार ओढून घरी येऊन बसला.

शुक्रवारी नमाजानंतर मुतवल्ली ताजे मासे घेऊन आला. सुहैर होती, तफीदाही होती. बऱ्याच दिवसांनी इनशिराहला उशा लावून बसवलं होतं, त्यामुळे सगळे जरा खुशीत होते. चहा झाला. मुतवल्लीला बहिणीला हसवायचं होतं. तो खुर्ची सरकवून तिच्याजवळ गेला आणि सांगायला लागला की ताई, तू आता आमच्या धक्क्यावर प्रसिद्ध आहेस. बर्फवाल्याशी कुणी फार घासाघीस केली की सगळे खलाशी ओरडतात, अरे देऊन टाक, इनशिराह होऊ नकोस. तफीदा तोंडावर ओढणी घेऊन हसली. ‘खरं की नाही ताई? आहेस ना अशी?’ मुतवल्ली म्हणाला.

‘हो,’ इनशिराह म्हणाली. हसली नाही.

शहाताच्या हातात चहाचा पेला होता. तो त्याने खाली ठेवला.

‘तिने ओढली नव्हती,’ तो म्हणाला.

मुतवल्ली अजून हसतच होता. ‘काय म्हणालात दाजी?’

‘बाही. तिने ओढली नव्हती. ती द्या म्हणाली. दोनदा म्हणाली, तोंड वाकडं झालं होतं तरी म्हणाली. मी तिचा हात सोडवला. मी भाव करत होतो.’

मुतवल्लीच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, कसंबसं राहिलं आणि मग गेलं. त्याने हळू आवाजात विचारलं की तेव्हा पैसे नव्हते का? उसने मागायची लाज वाटली का? तसं असेल तर सांगा दाजी, त्यात काय एवढं. तो बिचारा मेहुण्याला वाट काढून देत होता. शहाताला ती वाट दिसली. क्षणभर पाय तिकडे वळलेसुद्धा. सुहैर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

‘होते,’ शहाता म्हणाला. ‘बंडीत होते. पुरून उरतील एवढे.’

मुतवल्ली उठला. तो बहिणीसमोर गुडघे टेकून बसला आणि तिचा मेलेला उजवा हात उचलून त्याने कपाळाला लावला. धक्क्यावर घालवलेलं तिचं नाव आता कुठून परत आणायचं, हे त्याला कळत नसावं. मग तो दाराशी गेला, चपला घातल्या आणि न वळता म्हणाला, ‘मी शिवी दिली असती दाजी. पण ताई ऐकतेय.’

तो गेला. तफीदाही उठली, आपली पिशवी विसरून. संध्याकाळच्या आत ही गोष्ट गल्लीच्या टोकाला पोचणार होती आणि पोचलीच. सुहैर आत निघून गेली. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला, भांड्यांचा मात्र आवाज नव्हता.

शहाता खाटेपाशी येऊन जमिनीवर बसला. किती महिन्यांनी त्याने बायकोच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते तसेच होते, बाजारात तो बोलत असताना बाजूला उभी राहून बघायची तसे, सगळं बघणारे. इतके दिवस त्याला वाटत होतं की एकदा बोलून टाकलं की छाती मोकळी होईल. ती काही मोकळी झाली नाही.

‘सुहैरच्या आई,’ तो म्हणाला, ‘मला माफ करशील?’

‘हो,’ इनशिराह म्हणाली.

शहाताचा ऊर भरून आला. तो तिच्या हाताकडे झुकला, आणि तिथेच त्याला अस्वान आठवलं. सात मुलगे आठवले. हाच ‘हो’ त्याने साखर घेऊन आलेल्या लोकांपुढे किती वेळा वाजवून दाखवला होता. तो पुन्हा ताठ झाला. मग त्याने विचारलं, ‘नाहीच ना करणार? कधीच नाही?’

‘हो,’ ती म्हणाली. तोच आवाज, तीच नजर.

आता काय विचारायचं? आयुष्यभर त्याने लोकांच्या तोंडून हवा तो आकडा काढला होता, आणि या बाईच्या तोंडून त्याला एक शब्द खरा करून घेता येत नव्हता. आत नळ बंद झाला. इनशिराहचा डावा हात चादरीवरून सरकत आला आणि त्याच्या गलाबियाची बाही त्या बोटांत सापडली. तिने ती ओढली नाही. नुसती धरून ठेवली. मग शहाता बोलला, विचारायचं म्हणून नाही, नुसतं सांगायचं म्हणून.

‘पैसे होते गं माझ्याकडे.’

‘हो,’ इनशिराह म्हणाली.